छावणीच्या वास्तूंत सेवेचे बिऱ्हाड

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी-गणेशखिंडीच्या माळावर मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. त्या पराभवातूनच पुणे आणि खडकीच्या इंग्रजी छावण्या उभ्या राहिल्या. पुढे त्याच गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान बांधले गेले. आणि १९४९ पासून तेथे पुणे विद्यापीठ नांदू लागले. सत्तेची वास्तू विद्येची झाली. इतिहासाचा सूड उगवावा तो असा!

याचे स्मरण आज होण्यास कारण आहे. छावण्यांचे नागरी भाग स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याच्या धोरणानुसार २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योलपासून आरंभ झाला. पुणे आणि खडकीच्या विलीनीकरणाचीही चर्चा सुरू झाली. सैन्याला लागणारी तसूभर जागाही कोणी मागू नये. राष्ट्ररक्षणापुढे इतर सर्व गरजा गौण आहेत. परंतु ज्या जुन्या वास्तूंची सैन्याला गरज उरणार नाही, त्यांचे भवितव्य काय? बांधकाम व्यावसायिकाचा हातोडा, की समाजाचा संसार?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील प्रेसिडिओ हा लष्करी तळ १९९४ मध्ये सैन्याने सोडला. तेथील जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारती न पाडता त्यांत १९९६ मध्ये सेवाभावी संस्थांची कार्यालये थाटण्यात आली. आपल्याकडे हे अशक्य का मानावे? जाड दगडी भिंती, उंच छते, रुंद ओसऱ्या आणि खेळता वारा यांमुळे जुन्या बराकींना विजेचा आधार कमी लागतो. उभी इमारत वापरणे हीच पर्यावरणाची पहिली सेवा होय.

पुण्यात सेवाकार्याची वाण नाही. वाण आहे ती जागेची. सेवावस्तीतील अभ्यासिका, रुग्णसाहाय्य, अपंगांचे प्रशिक्षण अशी कितीतरी कामे भाड्याच्या खोलीत गुदमरतात. अशा अनेक संस्थांना एका छताखाली सभागृह, वाचनालय आणि कार्यालयीन सुविधा सामायिक मिळाल्या, तर देणगीचा पैसा भाड्यात न जाता कार्यात जाईल.

मात्र सेवेच्या नावाखाली भूखंड लाटण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. म्हणून मालकी शासनाचीच राहावी. मुदतीचा भाडेपट्टा, डागडुजीचे दायित्व आणि जाहीर लेखापरीक्षण या अटी अनिवार्य असाव्यात. त्या आपल्या-परक्या सर्वच संस्थांना सारख्याच लागू व्हाव्यात. परकीयांनी धाकासाठी बांधलेल्या भिंतींआड उद्या स्वकीयांची सेवा घडावी, हीच अपेक्षा. समाजधुरिणांनी त्यासाठी आताच आग्रह धरावयास हवा. हातोडा पडल्यावर हळहळून काय उपयोग?