टिंबातली अदब

आम्ही मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीला भितो ती स्पेलिंगांपायी. वाक्याच्या शेवटी कोणते चिन्ह द्यावे, याची भीती आम्हाला कधी वाटतच नाही. विधान असले की पूर्णविराम, प्रश्न असला की प्रश्नचिन्ह आणि आज्ञा असली की उद्गारचिन्ह, असा आमचा सोपा हिशेब! त्यातला शेवटचा आकडा चुकीचा आहे, हे मला गेल्या सुट्टीत ग्वाल्हेरला कळले.

बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता ग्वाल्हेर गाठता येते. तिथे लष्कर भागात माझ्या मामांचे चंदेरी साड्यांचे लहानसे दुकान आहे. बंगळूरच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांची बाकी थकली होती. त्यांना मराठी येत नाही, मामांना कानडी येत नाही. तेव्हा पत्र इंग्रजीतच जायचे. "तू बी. कॉम.ला ना? मग लिही," मामा म्हणाले. मी ऐटीत लिहिले, 'प्लीज सेंड द पेमेंट!' आणि खाली, 'रिप्लाय सून!' दोन्ही वाक्ये आज्ञार्थी, म्हणून दोन्हींना उद्गारचिन्हे.

आठवड्याने फोन आला. "इतक्या वर्षांचा व्यवहार, आणि आता असे ओरडून पैसे मागता?" पैसे आले, पुढची ऑर्डर मात्र आजतागायत आलेली नाही. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच अधिक लागले.

असे का झाले? मराठीत अदब क्रियापदात असते. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवावेत' यांवरूनच कोण कोणाशी बोलतो ते कळते. कानडीतही 'बा' वेगळे आणि 'बन्नि' वेगळे. इंग्रजीत मात्र साहेबाला आणि शिपायाला एकच 'सेंड'. मग अदब दाखवायची कशी? थोडी 'प्लीज'ने, आणि थोडी शेवटच्या चिन्हाने. तिथे साध्या आज्ञेला आणि विनंतीला पूर्णविरामच द्यायचा. उद्गारचिन्ह म्हणजे चढलेला आवाज. गाडीखाली जाणाऱ्या मुलाला 'स्टॉप!' म्हणावे, व्यापाऱ्याला नव्हे. 'वुड यू प्लीज सेंड द बिल' हे वाक्य दिसायला प्रश्न. पण ती विनंती असल्याने व्यापारी पत्रात त्यालाही पूर्णविराम चालतो. केवलप्रयोगी शब्दांचेही तसेच. 'अलास!' हा जिवाचा उद्गार. पण वाक्यारंभीच्या सौम्य 'वेल'पुढे स्वल्पविराम पुरतो.

ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. महादजींच्या काळातली मोडी पत्रे पाहिली तर ना शब्द तुटलेला, ना कुठे विरामचिन्ह. तरी 'पाठवावे', 'कळावे', 'हे विनंती' अशा शेवटांनी वाक्य कुठे संपले आणि कोणत्या सुरात, हे दोन्ही कळते. विरामचिन्हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. ती मराठीत रुजवणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांचे नाव पहिले घेतात. ग्वाल्हेरच्या बाजारातली हिंदी अजून उभा दंड देते. आपण मात्र इंग्रजीचे टिंब घेतले. चिन्ह घेतले, पण त्याचे वजन घेतले नाही, कारण आपले क्रियापद ते वाहत होतेच. म्हणून इंग्रजी लिहितानाही ते वजन आपल्या ध्यानात येत नाही.

कोणी म्हणेल, हल्ली मोबाइलवरच्या निरोपांत सारेच उद्गारचिन्हे उधळतात. उलट नुसते टिंबच रागाचे वाटते. खरे आहे. पण त्यावरून हेच सिद्ध होते, की वाचणारा चिन्हातून आवाज ऐकतो. मित्रांत काय चालते ते मित्रांत. धंद्याच्या पत्रात अजून जुनीच रीत आहे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना उद्या दुकानात, बँकेत, कचेरीत अशीच पत्रे लिहायची आहेत. तेव्हा 'विरामचिन्हे द्या' हा प्रश्न दोन गुणांपुरता ठेवू नये. तो पत्रलेखनाबरोबर, माणसांच्या संबंधांसह शिकवावा, एवढेच माझे म्हणणे. मी स्वतः आता एक नेम केला आहे. सही करण्यापूर्वी पत्र मोठ्याने वाचतो. समोर बसलेल्या माणसाशी जिथे मी आवाज चढवणार नाही, तिथे उद्गारचिन्ह खोडतो आणि मुकाट्याने टिंब देतो.