हवामानाचा हिशेब कोणाच्या दप्तरी?

व्यासपीठावर केलेली प्रतिज्ञा पाळली जाते की नाही, हे शेवटी कचेरीतल्या दप्तरात कळते. हवामानबदलाच्या प्रश्नावर भारताने जगापुढे केलेल्या प्रतिज्ञा काही लहान नाहीत. २०७० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, अशी घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी केली. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपण आणखी दोन गोष्टी लिहून दिल्या : राष्ट्रीय उत्पादनाच्या प्रत्येक रुपयामागे बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंचे प्रमाण २००५ च्या मानाने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी उतरवावयाचे, आणि विजेच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याखेरीज अन्य साधनांवर उभारावयाची. ही उद्दिष्टे थोडकी की फार, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु ती साधली जात आहेत की नाहीत हे दरसाल मोजून सांगण्याचे काम नेमके कोणाचे, आणि त्याने ते न केल्यास त्याला जाब विचारावयाचा कोणी, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे. आमच्या मते तोच आज सर्वांत महत्त्वाचा आहे.

हिशेबाचा आजवरचा इतिहास पाहावा. जागतिक हवामान कराराला आपण १९९३ साली मान्यता दिली. त्या करारान्वये द्यावयाचा पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ साली गेला. त्यातील आकडे १९९४ चे होते. दुसरा २०१२ साली गेला. त्यातील आकडे २००० चे. पुढे कामाला गती आली, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये गेलेल्या पहिल्या द्वैवार्षिक अहवालात २०१० चे आकडे होते आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या चौथ्या अहवालात २०२० चे. दहा-बारा वर्षांची थकबाकी चार वर्षांवर आली, ही प्रगती खरी. तरीही रुग्णाचा चार वर्षांपूर्वीचा ताप पाहून आजची मात्रा ठरविणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

शिवाय २०२० हे वर्ष कोणते, हेही विसरून चालणार नाही. ते टाळेबंदीचे वर्ष. त्या वर्षी देशाचे एकूण उत्सर्जन २९५ कोटी ९० लाख टन होते आणि झाडाझुडपांनी व जमिनीने शोषून घेतलेला भाग वजा जाता ते २४३ कोटी ७० लाख टन भरले. हा दुसरा आकडा आदल्या वर्षाहून ७.९३ टक्क्यांनी कमी आहे. यातील किती घट धोरणाचे फळ आणि किती बंद कारखान्यांची व रिकाम्या रस्त्यांची करणी, हे पुढील वर्षांचे आकडे वेळेवर हाती आल्याखेरीज कोणासही सांगता येणार नाही. पॅरिस करारान्वये सुरू झालेल्या नव्या व अधिक कडक पद्धतीचा पहिला अहवाल ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यावयाचा होता. आपण आदल्या दिवशी दिला तो जुन्या मालिकेतला होता.

याचा दोष आमच्या शास्त्रज्ञांकडे जात नाही. केरकचरा व सांडपाणी यांतून निघणाऱ्या वायूंचे गणित नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था मांडते. कोळसा-खाणींतील वायूंचे मोजमाप धनबादची संस्था करते. भातखाचरे व शेतजमिनी यांचा अभ्यास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत होतो. वनांची पाहणी डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे असते. माणसे जाणती आहेत आणि त्यांची विद्याही अस्सल आहे. वैगुण्य आहे ते व्यवस्थेत. हे राष्ट्रीय अहवाल आजवर प्रामुख्याने जागतिक पर्यावरण सुविधा निधीच्या साहाय्यावर, एकेक प्रकल्प म्हणून तयार होत आले. प्रकल्पाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. अहवाल छापला गेला की त्याचे प्रयोजन संपते, आणि पुढच्या अहवालासाठी नवी मंजुरी, नवे करार, नवी जुळवाजुळव करावी लागते. २००९ साली पर्यावरण मंत्रालयाने शंभराहून अधिक संस्थांचे एक जाळे उभारले आणि मे २०१० मध्ये २००७ सालची देशाची उत्सर्जन-नोंद प्रसिद्ध केली. तीन वर्षांच्या आत हिशेब देता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले होते. तोच परिपाठ पुढे मात्र टिकला नाही. चांगला उपक्रम आणि पक्की संस्था यांत हाच फरक असतो.

हा फरक ओळखणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली आहे. १८६७-६८ सालचे हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न २० रुपये आहे, असे दादाभाई नौरोजींनी दाखविले, तेव्हा तो सरकारच्याच विखुरलेल्या अहवालांतून वेचून एका देशभक्ताने केलेला अंदाज होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद. समितीने आकडे तर दिलेच; पण १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५१ साली केंद्रीय सांख्यिकी संघटना उभी राहिली, आणि जे काम एका माणसाच्या चिकाटीवर चालत होते ते राज्यकारभाराचे नित्यकर्म बनले. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा परकीय अनुदान आले तर चार वर्षांनी काढू, असे आज कोणी म्हटले तर लोक हसतील. हवेत सोडलेल्या धुराच्या बाबतीत मात्र नेमके तेच चालले आहे, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

हिशेब कोणत्या मापाने ठेवावयाचा, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. जून २०२५ अखेर देशाची स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॉट होती, आणि तिच्यापैकी निम्म्याहून किंचित अधिक क्षमता कोळसा, तेल व वायू यांवर अवलंबून नव्हती. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले, याचा आनंद अवश्य मानावा. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सूर्य रात्री मावळतो, वाराही बारमाही वाहत नाही. त्यामुळे २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज औष्णिक केंद्रांतूनच, मुख्यतः कोळशावर, आली. दोन्ही आकडे खरे आहेत. पण पहिला मथळ्यात झळकतो आणि दुसरा तक्त्यात दडून राहतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवणे, हे ज्याचे कर्तव्य आहे असा अधिकारी हवा, आणि मथळा सुखद व्हावा यात त्याचा काही हितसंबंध असता कामा नये.

आजची रचना या कसोटीला उतरत नाही. पॅरिस कराराच्या अंमलबजावणीसाठी २०२० साली एक सर्वोच्च समिती नेमण्यात आली. पर्यावरण सचिव तिचे अध्यक्ष आहेत आणि चौदा मंत्रालयांचे अधिकारी तिच्यावर आहेत. निरनिराळ्या खात्यांना एका टेबलाभोवती बसविण्याची ही कल्पना स्तुत्यच आहे. परंतु ज्या खात्यांनी काम करावयाचे त्यांचेच अधिकारी कामाचे मूल्यमापन करणार, असा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यानेच उत्तरपत्रिका लिहावी, त्यानेच ती तपासावी आणि गुणपत्रकावर सहीही त्यानेच करावी, असे कोणती शाळा चालू देईल? विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला तरी त्या गुणांवर परक्याचा विश्वास बसणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. वातावरण बिघडविले ते श्रीमंत राष्ट्रांनी. आपले दरडोई उत्सर्जन अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग ही हिशेबाची कटकट गरीब देशाने का सोसावी? या युक्तिवादातील न्याय आम्हांला पूर्ण मान्य आहे. परंतु न्याय मागावयास जाणाऱ्याने कागदपत्रे घरी विसरून चालत नाही. आपली बाजू खरी आहे म्हणूनच आपली वही चोख असावयास हवी. शिवाय आपण हिशेब ठेवला नाही तर तो दुसरा कोणी ठेवील, आणि स्वतःच्या सोयीने ठेवील. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारख्या आयात मालावर कार्बनच्या हिशेबाने आकार बसविण्याची योजना आखली. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती मागितली गेली. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आहे. मालामागील उत्सर्जनाचे तपासलेले आकडे ज्यांना देता येत नाहीत, त्यांच्या मालाला युरोपने ठरविलेले ठोकळ आकडे लावले जातात, आणि ते चढेच असतात. म्हणजे वही नसल्याचा भुर्दंड येथल्या कारखान्याने आणि अखेर येथल्या कामगाराने भरावयाचा. देशांतही २०२२ च्या ऊर्जासंवर्धन कायद्यातील दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये कार्बन-पत्रांच्या खरेदी-विक्रीची योजना जाहीर झाली आहे. मापे विश्वासार्ह नसतील तर तो बाजार खोट्या वजनांचा बाजार होईल.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, या कामाला कायद्याचे अधिष्ठान द्यावे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकांचा हक्क असल्याचे सांगितले, आणि या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही याचीही नोंद घेतली. ब्रिटनने २००८ सालीच असा कायदा करून स्वतंत्र समिती नेमली. ती दरवर्षी संसदेला प्रगतीचा अहवाल देते आणि सरकारला त्याला उत्तर द्यावे लागते. आपल्याच स्थितीतून जाणाऱ्या, कोळशावर विसंबलेल्या दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये आपला कायदा केला. दुसरी गोष्ट, उत्सर्जनाची नोंद ठेवणारी एक कायम कचेरी असावी. तिचा खर्च देशाच्या अंदाजपत्रकातून यावा, तिची पदे कायम असावीत, आणि प्रत्येक मंत्रालयाने ठरलेल्या तारखेला तिला आकडे देणे बंधनकारक असावे. माहिती मागण्याचे अधिकार देणारा सांख्यिकी संकलनाचा २००८ चा कायदा हाताशी आहेच. तिसरी गोष्ट, जो करील त्याने तपासू नये. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद घटनेने याच तत्त्वासाठी निर्माण केले. रुपयांचा हिशेब तपासून तो संसदेपुढे ठेवण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. तीच रीत टनांच्या हिशेबाला लावावी आणि त्यावर दोन्ही सभागृहांत दरसाल चर्चा व्हावी.

हे तत्त्व दिल्लीपुरते नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे लक्ष्य ठेवले. २०२४ मध्ये हवामानाचे वेगळे अंदाजपत्रकही मांडले. इतर शहरांनी अनुकरण करावे असेच हे पाऊल आहे. पण ते अंदाजपत्रक आले तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. अधिकाऱ्यांनी लिहावे, अधिकाऱ्यांनीच वाचावे, आणि ज्याच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरते त्याच्या प्रतिनिधीला प्रश्न विचारण्याची जागाच नसावी, हे हिशेबाच्या तत्त्वाशी विसंगत होय. शिवाय किती रुपये खर्ची पडले हे सांगणे निराळे, आणि त्या रुपयांनी किती धूर कमी झाला, किती वस्त्या पुरापासून वाचल्या हे सांगणे निराळे. नागरिकाला दुसरी नोंद हवी आहे.

आमच्या खेड्यांत पाऊस पडो न पडो, पिकांची नोंद वहीत होते. म्हणूनच अवर्षण आले की शेतकऱ्याला तिच्या आधारे सूट व साहाय्य मागता येते. त्या वहीत चुका असतात, लबाड्याही असतात. पण वहीच नसती तर दाद मागावयास आधारच उरला नसता. उष्णतेच्या लाटा, अवकाळी गारपीट, शहरे बुडविणारा पाऊस हे आता अपवाद राहिलेले नाहीत. त्यांचा भार ज्यांच्यावर सर्वांत आधी पडतो, त्यांना सरकारच्या वचनाचे काय झाले हे दरवर्षी विचारता आले पाहिजे. त्यासाठी सरकारने पुढची घोषणा करण्यापूर्वी मागच्या घोषणांची वही उघडावी, आणि ती पुन्हा मिटणार नाही अशी तजवीज कायद्याने करावी.