शिकवल्याशिवाय प्रकल्प मागू नका!

बारावीपर्यंत ज्या पोराला गाईड आणि ‘आयएमपी’ यांपलीकडे काही दाखवले नाही, त्याला कॉलेजात आल्यावर आपण फर्मावतो : प्रकल्प करून आण! नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला क्षेत्र प्रकल्प आणला, चौथ्या वर्षी संशोधनाचे दार उघडले. उत्तम झाले. पण विषय कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी, संदर्भ कसा द्यावा, हे त्याला शिकवले कोणी? मग पोर झेरॉक्सच्या दुकानात जाते. जुन्या प्रकल्पावर नवे नाव चढते, स्पायरल बसते आणि पाने न उलटता सही होते. या चोरीचा पहिला आरोपी विद्यार्थी नव्हे. न शिकवता गुण वाटणारी व्यवस्था आहे!

कायद्याचीही लाज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांत शिक्षा आहे, तशी संस्थांवर जबाबदारीही आहे : शैक्षणिक प्रामाणिकपणाचे धडे पदवीच्या अभ्यासक्रमातच द्या. ते धडे आमच्या किती वर्गांत होतात? प्राचार्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे!

आणि ही नक्कल चालते कोणाच्या वऱ्हाडात? पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि परतल्यावर बहुजनांच्या पोरांसाठी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांचेच नाव मिरवते. त्यांच्या भूमीत संशोधन म्हणजे बाइंडिंग ठरावे?

विषयांचा का दुष्काळ आहे? पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, वरुड-मोर्शीच्या संत्राबागा, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, मेळघाटातले कुपोषण : प्रश्न दाराशी उभे आहेत. आपल्या गावातल्या विहिरी मोजून, पाणी तपासून, म्हाताऱ्यांना विचारून पोराने वहीत दहा पाने स्वतःच्या मराठीत लिहिली, तर ती चकचकीत नकलेहून शतपट मोलाची आहेत.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. पहिल्याच सत्रात आठवड्याचा एक तास ग्रंथालयात घ्या. सरकारने प्राध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाच्या माथी शेकडो प्रकल्प मारून मार्गदर्शन होत नसते. आणि समोर बसवून चार प्रश्न विचारल्याशिवाय एकाही प्रकल्पावर सही करू नका. जो गुरू पोराला प्रश्न विचारायला शिकवत नाही, त्याला पोराकडे उत्तर मागण्याचा अधिकार नाही!