पिस्तूल कुणाच्या कपाटात?

गेल्या तीन महिन्यांत आमच्या अंबडच्या केंद्रात सगळ्यांत जास्त वाद कशावर झाला असेल, तर तो एका पिस्तुलावर. (अंबड म्हणजे नाशिकचं, कारखान्यांचं. जालन्याच्या मैत्रिणींनी गैरसमज करून घेऊ नये.) या वेळचं संपादकीय त्यावरच असावं असं बैठकीत ठरलं. एकमत मात्र झालेलं नाही, म्हणून हे मंडळाच्या नावाने न लिहिता 'मी' म्हणून लिहिते आहे. ज्या दोघींबद्दल लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिलं आहे. त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पहिल्या ताईंचं औद्योगिक वसाहतीत छोटं प्रेसशॉप आहे. नवरा वारल्यावर त्यांनीच ते सांभाळलं. आठ-दहा कामगार, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क, रात्री शटर ओढेपर्यंत दहा वाजतात. येणी वसूल करताना एकाशी वाकडं आलं. धमक्या झाल्या, दोनदा गाडी आडवी घातली. त्यांनी तक्रार केली आणि शस्त्र परवान्यासाठी अर्जही केला. शहरात हा परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र कुठे ठेवणार याची माहिती, फेऱ्यांवर फेऱ्या. शेवटी परवाना हाती पडला आणि ताईंनी पॉइंट ३२ बोअरचं नवंकोरं, आखूड नळीचं पिस्तूल घेतलं.

आम्ही पाच-सहाजणी ते बघायला त्यांच्या घरी गेलो. खोटं कशाला बोलू, उत्सुकता होती. फोममध्ये बसवलेलं काळं, तळहाताएवढं यंत्र. ताईंनी आधी मॅगझिन काढलं, मग वरची स्लाइड मागे ओढली आणि आम्हाला आत बघायला लावलं. म्हणाल्या, "मॅगझिन काढलं म्हणजे हे रिकामं झालं असं समजू नका. एक गोळी वर चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. चाप ओढला की ती सुटते. बहुतेक अपघात याच चुकीने होतात. म्हणून स्लाइड ओढून डोळ्यांनी बघायचं, आणि तरी ते भरलेलंच आहे असं समजून वागायचं."

आमच्यातली सिडकोतली एकोणीस वर्षांची पोरगी म्हणाली, "मला पण पाहिजे असं." सगळ्या हसल्या. कायद्याने एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही, हे ताईंनी तिला सांगितलं.

एकजण मात्र हसली नाही. परतताना ती माझ्या बाजूने चालत होती. पवननगर ओलांडल्यावर म्हणाली, "आमच्याकडे पण आहे. त्यांच्या नावावर. वरच्या फळीवर असतं. कधी झाडलं नाही. पण भांडण झालं की काढून ताटाशेजारी ठेवतात आणि जेवतात. मी रडले की मॅगझिन काढून दाखवतात, 'बघ, रिकामं आहे, घाबरतेस कशाला?' आज कळलं, ते रिकामं नसेलही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "निवडणूक आली की ते पोलिसात जमा होतं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोनदा झालं. तेवढे दिवस मी नीट झोपले."

मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्यापाशी मी अजून थांबलेली आहे.

बाईला बंदूक द्या म्हणजे ती सुरक्षित होईल, हा विचार काही आमच्या ताईंचा शोध नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर सगळा देश हादरला. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ च्या जानेवारीत अहवाल दिला, त्यावरून कायद्यात बदल झाले. पण त्याच जानेवारीत मुंबईत एका राजकीय पक्षाने बायकांना चाकू वाटले. आणि २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दिल्लीत जिच्यावर अत्याचार झाला, तिला वर्तमानपत्रांनी दिलेल्या नावावरून हे नाव घेतलं होतं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं, दागिन्याला शोभेल अशा पेटीत. किंमत १,२२,३६० रुपये. अंबडच्या कंत्राटी कामगार बाईने हा आकडा आपल्या पगाराने भागून पाहावा. म्हणजे ही सुरक्षितता कुणासाठी होती ते कळेल.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरा बाजार आहेच. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतलं उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षं पोलिसांच्या कागदांत आहे. तिथला माल नाशिक-पुण्यापर्यंत येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. तरी आमच्या वस्त्यांमधल्या पोरांच्या कमरेला ते सापडतं. त्या पोरांना बहिणी असतात, बायका असतात. ते घरी आल्यावर ती वस्तू कुठे ठेवतात, हे बातमीत कधी येत नाही.

बंदूक बाईच्या हाताला शोभत नाही, असलं काही मला म्हणायचं नाही. १९३० साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुर्गाभाभींनी गोळ्या झाडल्या होत्या. १९३२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नरवर पिस्तूल रोखलं होतं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली रायफल नेमबाजीत विश्वविजेती झाली. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक आणलं. नाशिकच्या मोनाली गोऱ्हे यांनी पिस्तूल नेमबाजीच्या प्रशिक्षक म्हणून मुलींना घडवलं. २०२१ च्या करोनात त्या आपल्यातून गेल्या. या बायांच्या हातातलं शस्त्र पाहून मला अभिमानच वाटतो. पण नेमबाजीच्या मैदानावर समोर कागदाचं लक्ष्य असतं आणि प्रत्येक गोळीचा हिशोब असतो. घराच्या फळीवरच्या पिस्तुलाचा हिशोब कुणी ठेवत नाही.

प्रश्न असा आहे की आपल्याला भीती कुणाची आहे? पिस्तूल विकणारा आपल्यासमोर अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस उभा करतो. तो माणूस खोटा नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर चुंचाळे किंवा दत्तनगरकडे चालत जाणाऱ्या बाईला तो ठाऊक आहे. पण सरकारचेच आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या दर शंभर गुन्ह्यांतल्या नव्वदहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांपैकी साधारण एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हे फक्त सांगितलेलं.

म्हणजे धोका ज्या घरात आहे, त्याच घरात आपण शस्त्र नेऊन ठेवतो. अमेरिकेत बंदुका घरोघर आहेत, तिथे याचा अभ्यास झालेला आहे. १९९३ साली आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या घरात बंदूक होती, तिथे घरातल्या कुणाचा तरी खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट होता. तो खून बहुतेक वेळा घरच्याने किंवा जवळच्याने केलेला. २००३ साली जॅकेलीन कॅम्पबेल यांच्या अभ्यासात दिसलं की मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली, तर बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. आपला देश वेगळा, कायदा कडक, हे खरं. पण ताटाशेजारचं पिस्तूल इथून तिथून सारखंच.

बैठकीत एका कार्यकर्तीने मला रोखून विचारलं, "मग त्या प्रेसशॉपवाल्या ताईंनी काय करायचं? मार खायचा?" नाही. त्यांच्या हातातलं पिस्तूल परत करा, असं मी सांगणार नाही. त्यांनी कायद्याने घेतलं आहे, शिकून घेतलं आहे, आणि त्यांच्या घरात कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण त्या स्वतःच म्हणाल्या, "माझ्या दारात पोलिसांची गाडी वेळेवर आली असती आणि रस्त्यावरचे दिवे लागले असते, तर एवढे पैसे मी नवीन मशीनमध्ये घातले असते." एकीची गरज ही चळवळीची मागणी होऊ शकत नाही. 'बायकांना शस्त्रं द्या' ही मागणी ऐकायला जहाल वाटते. खरं तर ती सरकारची जबाबदारी बाईच्या पर्समध्ये टाकून मोकळं होते.

आता दुसरीचं. आम्ही तिच्याबरोबर एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गोळी झाडली का?" नाही. "मग परवाना आहे त्यांच्याकडे. घरात ठेवण्यात गुन्हा काय?" आम्ही बाहेर आलो आणि कायद्याची पुस्तकं काढली. जे सापडलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक मारच लागतो असं नाही. धमकी आणि मानसिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. या कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट आहे की हिंसाचारात शस्त्राचा संबंध असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरून ते जप्त करण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांना मदत करायची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमाखाली, सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणजे वाट आहे. तिच्यावरून फारसं कुणी चालत नाही, एवढंच.

निवडणुकीत सरकारला कळतं की परवान्याचं शस्त्रसुद्धा घाबरवू शकतं. गोळी झाडली का, असं तेव्हा कुणी विचारत नाही. छाननी होते आणि शस्त्रं जमा होतात. मतदाराने निर्भयपणे मत द्यावं म्हणून एवढी काळजी. मग बाईने निर्भयपणे जेवावं, झोपावं, नवऱ्याला 'नाही' म्हणावं, यासाठी ती काळजी का नाही?

माझ्या मते आपल्या मागण्या अशा असाव्यात. परवाना देताना घरातल्या बायकोला, तो समोर नसताना, विचारावं. २०१९ पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. निदान नूतनीकरणाच्या वेळी तरी पुन्हा विचारावं. हे अशक्य नाही. कॅनडात १९९५ च्या कायद्यानंतर अर्जदाराच्या जोडीदाराला, दोन वर्षांच्या आत वेगळी झालेली असली तरी, अर्जाची माहिती होते. तिला हरकत सांगता येते. दुसरं, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आली की घरात शस्त्र आहे का, हे नोंदवणं सक्तीचं असावं. असल्यास निकाल लागेपर्यंत ते जमा राहावं. आणि आपली जुनी मागणी आहेच: शिफ्टच्या वेळेला बस, रस्त्याला दिवे, वसाहतीत गस्त.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. एक गोष्ट आपल्या हातात आहे. प्रत्येक केंद्रात तक्रार लिहून घेताना आपण मार, हुंडा, दारू, दुसरं लग्न हे सगळं विचारतो. त्यात एक ओळ वाढवा: घरात शस्त्र आहे का? परवान्याचं की गावठी? वीस वर्षं मी या कामात आहे आणि हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. आम्ही विचारायला लागलो आणि उत्तरं यायला लागली. तिला हेही सांगा की शस्त्र स्वतः उचलून आणू नको, लपवू नको, त्यातली गोळी काढायला जाऊ नको. त्यात जीवाचा धोका आहे, आणि विनापरवाना शस्त्र जवळ ठेवल्याचा आळ तिच्यावरच येऊ शकतो. जीवावर बेतेल असं वाटलं तर आधी घराबाहेर पड, ११२ किंवा १८१ ला फोन कर.

आमच्या त्या मैत्रिणीने संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज दिला आहे. तारीख लागली आहे. हे लिहीत असताना पिस्तूल अजून त्या फळीवरच आहे. ती सध्या मुलांना घेऊन बहिणीकडे राहते. परवा केंद्रात आली तेव्हा मी विचारलं, झोप लागते का? म्हणाली, "लागते. पण ताई, घर माझं आहे ना? मी का बाहेर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्या गावात, तुमच्या केंद्रात असं काही घडलं असेल, एखाद्या दंडाधिकाऱ्याने शस्त्र जमा करायचा आदेश दिला असेल, तर आम्हाला जरूर कळवा. तो आदेश आम्ही तिच्या वकिलांना दाखवू आणि पुढच्या अंकात छापू. तारखेच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी तिच्याबरोबर कोर्टात असू. प्रेसशॉपवाल्या ताईही येणार आहेत. पिस्तूल घरी कुलपात ठेवून.