स्क्रू आवळला म्हणजे स्टेरिंग दुरुस्त होत नाही

आज भाताचं नाही, आपला माल वाहणाऱ्या जुन्या टाटा १२१० बद्दल लिहितोय. आमच्या मानपाड्याच्या बाजूला अजून एखाददुसरी अशी गाडी पेंढा नि शेणखत ओढते. स्टेरिंगला प्ले आला की मालक म्हणतो, "स्क्रू आवळून दे, फिटनेसपुरतं." मिस्त्री बॉक्सवरचा स्क्रू आवळतो, प्ले गेल्यासारखा वाटतो, मालक खूश. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. बैलाच्या खुरात काटा असताना वेसण आवळण्यातला हा प्रकार आहे.

का ते सांगतो. गाडी जास्त वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात, कडेचे कमी. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर दाते जाम होतात. वळण संपलं तरी स्टेरिंग आपोआप सरळ येत नाही. कल्याण-शीळ रोडवर भरलेली गाडी अशी अडकली तर बाजूच्या मोटरसायकलवाल्याचं काय होईल?

आणि प्ले दरवेळी बॉक्समध्येच असतो असं कोणी सांगितलं? आधी शोधा.

१. गाडी सपाट जागी, पुढची चाकं सरळ, इंजिन बंद. एकाने स्टेरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली बघायचं. कॉलम फिरतो पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर दोष बॉक्सकडे. आर्म हलतो पण पुढचा रॉड उशिरा हलतो, तर बॉल जॉइंट गेला. चेसिसवर बॉक्सच हलतोय का, तेही बघा. बोल्ट ढिले असतात.

२. स्टेरिंग धरून वर-खाली हलवा. खडखडलं तर कॉलमचा बुश किंवा बेअरिंग.

३. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवा. मग एकाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

४. स्टेरिंग जड असेल तर आधी हवा, किंगपिनचं ग्रीस, बॉक्सचं ऑइल तपासा.

काहीजण स्टेरिंग काढून एक दाता सरकवून बसवतात, म्हणजे दिसायला सरळ. काही तर ड्रॉप आर्मला वेल्डिंग मारतात. तापवलेल्या लोखंडाचा पोलादीपणा जातो, मग ते कधी मोडेल सांगता येत नाही. हे बंद करा.

"जुनी गाडी, थोडा प्ले असणारच," हे मला मान्य आहे. पण थोडा म्हणजे किती? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९८ वा नियम आहे: स्टेरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. वीस इंची स्टेरिंगच्या कडेला मोजलं तर साधारण पाच इंच. जॉइंटला रबरी टोप्या हव्यात, बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. गाडी जुनी म्हणून त्यात सूट नाही.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. स्वस्तात मागणारा मालकच त्याला स्क्रूकडे ढकलतो. भात पिवळं पडलं तर न बघता युरिया टाकू नका, हे आपल्याला पटतं. मग इथेही तेच करा. मिस्त्रीला "किती घेणार?" विचारायच्या आधी म्हणा, "प्ले कुठे आहे ते खाली येऊन दाखव."