राबाचा धूर आणि मुंबईची वीज



उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर मिटिंग झाली. एक साहेब आले होते. म्हणाले, "तुम्ही राब भाजता, त्या धुरानं हवामान बिघडतंय. प्लॉटवर झाडं लावू द्या, ग्रामसभेचा ठराव द्या." सगळे खाली मान घालून बसले. मिटिंग उठल्यावर एका आजीनं विचारलं, "पाऊस मागंपुढं होतो, तो आपल्यामुळंच का रे?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो.

मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये हवामान आराखडा काढला. त्यात शहराचा २०१९ सालचा हिशेब आहे. एका वर्षात सुमारे २ कोटी ३४ लाख टन वायू. त्यातले शंभरात ७२ भाग घरं, दुकानं, ऑफिसं, कारखाने यांना लागणाऱ्या वीज-इंधनाचे. २० भाग गाड्यांचे. ८ भाग कचऱ्याचे, कारण ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन सुटतो.

म्हणजे मोठं कारण वीज. आणि मुंबईची बहुतेक वीज कोळशाची. हा सगळा कोळसा मुंबईतच जळतो का? नाही. त्यातला काही जळतो आपल्या डहाणूच्या किनाऱ्यावर. ५०० मेगावॉटचं केंद्र आहे. १९९१ साली केंद्र सरकारनंच डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला होता, तरी ते उभं राहिलं. वीज तारेवरून मुंबईच्या उपनगरात जाते, राख आणि धूर इथं राहतो.

काही गोष्टी तर शहराच्या हिशेबात येतच नाहीत. टॉवरला लागणारं सिमेंट चंद्रपूरकडं बनतं. तिथं कोळसा जळतो, शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातूनही कार्बन वायू सुटतो. विटा भाजतात भिवंडी-वाड्याच्या भट्ट्यांवर. तिथं राबायला जव्हार-मोखाड्याची आपलीच माणसं जातात. घर शहराचं, धूर मात्र गावाच्या नावावर.

कोणी म्हणेल, शहरात माणसं जास्त, म्हणून वायू जास्त. आराखड्यात माणशी १.८ टन लिहिलंय. पण ही सरासरी आहे. तीत चार एसी आणि दोन गाड्यावाला आणि झोपडपट्टीत एका पंख्याखाली झोपणारी पाच माणसं एकाच मापानं मोजली. डोकी मोजून कारण कळत नाही. कोण किती वापरतो, ते बघावं लागतं.

आता राबाचं. राबाला धूर होतो, खोटं कशाला बोलू? पण आपण झाड मुळापासून तोडत नाही, फांद्या छाटतो. पावसात त्या पुन्हा फुटतात आणि हवेत गेलेला कार्बन परत ओढून घेतात. कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता. तो जाळला की परत फुटत नाही. दोन्ही धूर एका तराजूत घालणं म्हणजे मुद्दाम केलेली फसवणूक.

आणि समजा आपले सगळे प्लॉट सोडले, तिथं रोपं लावली, तर डहाणूचा कोळसा एक टोपली तरी कमी जळेल का? नाही. आपली नागली जाईल, शहराचा एसी चालूच राहील. शहराला सुधारायचंच असेल तर रस्ता तिथंच आहे: कोळशाची वीज कमी करा, बस आणि लोकल वाढवा, ओला कचरा जागेवर जिरवा.

म्हणून ग्रामसभांना सांगणं आहे. झाडांना आपला विरोध नाही. कुठं, कोणती लावायची ते ग्रामसभा ठरवेल. पण दाव्याच्या प्लॉटवर कुंपण घालायचा ठराव देऊ नका. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५) वाचा: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. साहेब आले की त्यांना आधी शहराचा हिशेब विचारा.

आजी, पाऊस तुझ्यामुळं बिघडला नाही.

जिंदाबाद!