यंत्राचा सल्ला आणि ओसरीवरचा सल्ला



मालेगाव म्हटलं की बारामतीकडच्या लोकांना त्यांच्याच तालुक्यातलं मालेगाव आठवतं. आपलं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. पण तिकडे उसात आज जे चाललं आहे ते उद्या आपल्या वावरात येणार, म्हणून त्याचा विचार आताच केलेला बरा.

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे. जमिनीत बसविलेली उपकरणे ओल मोजतात, तिला हवामानाची माहिती व उपग्रहाची छायाचित्रे जोडली जातात, आणि पाणी केव्हा द्यावे, खत किती टाकावे याचा सल्ला मोबाईलवर येतो. राज्य सरकारनेही जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले.

पाणी वाचत असेल, खताचा खर्च उतरत असेल, तर आमचा विरोध नाही. आम्हाला काळजी आहे ती घराची.

आजवर पाण्याची पाळी ओसरीवर ठरायची. म्हातारा सकाळी धुऱ्यावरून फिरून यायचा, मूठभर माती दाबून पाहायचा आणि सांगायचा, "अजून चार दिवस थांबा." पोरगं कुरकुरायचं, पण त्यातच शिकायचं. आता पोरगं मोबाईल पाहून मोटर सुरू करणार. खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबून ऊस पिवळा पडतो हे म्हाताऱ्याला ठाऊक. पण त्याला विचारतो कोण?

दुसरी बाजूही खरी आहे. ज्या सुनेनं वर्षानुवर्षं निंदण केलं, तिला पाण्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही. आता मोबाईलवरचा निरोप तीच वाचून दाखवील आणि घरचे ऐकतील. हा बदल चांगलाच म्हणायचा.

मात्र यंत्र ओल सांगेल. रात्रीची लाईन आली तर अंधारात ओलिताला कोणी जायचं, हे ते सांगणार नाही. पोरीचं लग्न काढलेलं असताना ठिबकसाठी कर्ज उचलावं का, हेही नाही. सल्ला चुकला तर सोसायटीची वसुली आपल्याच दारात येते.

म्हणून आमची सूचना अशी. उपकरण वावरात कुठे बसवायचं ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा. आलेला सल्ला सर्वांसमोर मोठ्यानं वाचा. पटला नाही तर का पटला नाही, ते बोला. आणि कारखान्याने अशी सोय केलीच, तर ऊसनोंदीत सभासदाबरोबर घरातील एका स्त्रीचाही मोबाईल क्रमांक घ्यावा. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी या विषयावर आपलं मत जरूर मांडावं, ही विनंती.